चेहऱ्यावरची चीर

आजीची पुतळ्यांची माळ नव्यानं ओवून घ्यायला आई आणि मी कोल्हापूरच्या गुजरीत गेलो होतो. माळेचं रेशीम कुजलं होतं आणि त्यातली एक पुतळी बाकीच्यांपेक्षा जरा फिकट दिसत होती. सराफांनी ती कसोटीवर घासली, तेजाबाचा थेंब टाकला, भिंगातून रेघ न्याहाळली. तरी त्यांचं समाधान होईना. "मावशी, वरचं सोनं चांगलं आहे. आत काही भरलंय का ते बघायला एक बारीक चीर द्यायला लागंल," ते म्हणाले. आईनं मान हलवली आणि नजर रस्त्याकडे वळवली. छिन्नी टेकली, हातोडीचा हलका ठोका पडला. चीर गेली ती नेमकी पुतळीवरच्या उभ्या आकृतीच्या छातीवरून. आतलं सोनं बाहेरच्यापेक्षा जास्त पिवळं होतं, तेल लावल्यासारखं ओलसर. "चोख आहे," म्हणत सराफांनी पुतळी तबकात टाकली. आईनं ती उचलली, चिरेवरून अंगठा फिरवला, कपाळाला लावली आणि पुटपुटली, "लागलं तिला."

ते 'लागलं तिला' मला सोडेना. तिला म्हणजे लक्ष्मीला. खरं तर जुन्या पुतळीवर लक्ष्मी नसते. एक माणूस गुडघे टेकून बसलेला असतो, त्याच्यासमोर पायघोळ झगा घातलेला दुसरा उभा असतो आणि दोघांच्या मधे काठीवर निशाण असतं. आजीनं आणि आईनं ते निरखून पाहिलं असेल असं वाटत नाही. सोनं म्हणजे लक्ष्मी, मग सोन्यावर जे कोण उभं असेल तीही लक्ष्मी. सराफांना आकृती दिसत नव्हती, धातू दिसत होता, आणि त्यांच्या कामाला तेच योग्य होतं. रोमन सोन्याच्या नाण्यांविषयी मिळेल ते मी बरीच वर्षं वाचत आले आहे. त्यामुळे पेढीवरून उतरताना डोळ्यांसमोर ती चीर नव्हती. दुसऱ्या चिरा होत्या, शेकडो, आणि सगळ्या एकाच प्रकारच्या चेहऱ्यांवर.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ साली एक मडकं सापडलं. त्यात रोमन सोन्याची ५०१ नाणी होती, ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या सम्राटांची, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांची. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नाण्यांवर छिन्नीचा घाव आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या काही नाण्यांची छायाचित्रं मी पडद्यावर होतील तेवढी मोठी करून पाहिली आहेत. टायबेरियसचं एक घ्या. जेमतेम दोन सेंटिमीटरचं नाणं, वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. सम्राटाचा चेहरा उजवीकडे वळलेला, कपाळाभोवती लॉरेलच्या पानांची वेल, तिच्या फितीची टोकं मानेवर रुळलेली. आणि गालापासून कानामागपर्यंत एक खोल, सरळ खाच. खाचेच्या दोन्ही कडांना सोनं वर उचललं गेलं आहे, मऊ मातीत नखानं ओरखडा काढावा तसं. ठोका एकच आहे. दुसऱ्यांदा मारायची वेळ आलेली नाही, म्हणजे हात सरावाचा होता. नाणं उलटं केलं की मागच्या बाजूला आसनावर बसलेली एक स्त्री दिसते. तिच्या एका हातात दंड आहे, दुसऱ्यात डहाळी. अनेकांच्या मते ती टायबेरियसची आई लिव्हिया. तिला धक्काही लागलेला नाही.

हे घाव का घातले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, नाणी चलनातून बाद करण्यासाठी. कुणी म्हणतं, आत तांबं आहे का ते पाहण्यासाठी. कुणाच्या मते परक्या राजाचा चेहरा आपल्या मुलखात चालू द्यायचा नव्हता. पारख एवढाच हेतू असता, तर छिन्नी नाण्यावर कुठंही चालली असती. कडेला चालली असती, मागच्या बाजूला चालली असती. ती पुन्हा पुन्हा डोक्यावरच यावी, हे मला नुसत्या पारखीचं काम वाटत नाही. घावानं सोनं कमी होत नाही. मडकं पुरणाऱ्याची लक्ष्मी शाबूत राहिली, फक्त त्या चेहऱ्याचा अंमल संपला.

आणि त्या चेहऱ्यात अंमल ठासून भरलेला होता. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीत नाण्यावर आला तो सीझरच्या शेवटच्या वर्षात, इसवी सनपूर्व ४४ मध्ये. तोवर ती जागा देवांची होती आणि गेलेल्या पूर्वजांची. सीझरच्या खुनानंतर रोमनं त्याला देव ठरवलं आणि दत्तक मुलानं, ऑगस्टसनं, नाण्यावर स्वतःच्या नावाबरोबर 'दिवी फिलियस' असं कोरून घेतलं, म्हणजे देवाचा मुलगा. टायबेरियसच्या नाण्यावर पुढं देव झालेल्या ऑगस्टसचा मुलगा आणि मागं 'पोंटिफ मॅक्सिम', सर्वोच्च पुरोहित. धर्म आणि राज्य एवढ्याशा चकतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसलेले. बाजारात देणंघेणं करणारा प्रत्येक माणूस दिवसातून कितीदा तरी ते हातात धरणार. फुकट वाटलेली पत्रकं लोक फेकून देतात, सोनं कोण फेकणार?

रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे, की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो. शंभर सेस्टर्सचा एक ऑरियस, हे रोमचं सोन्याचं नाणं, म्हणजे ५ लाख सोन्याच्या नाण्यांची किंमत. आकडा कितपत खरा हा वाद असू दे, पण केरळातल्या मुझिरिसच्या बंदरात मिरीच्या पोत्यांसमोर रोमन सोनं ओतलं जात होतं हे खरं. त्याच प्लिनीनं सिंहलद्वीपच्या राजाची गोष्ट सांगितली आहे. डिनेरियस ही रोमन चांदीची नाणी हातात घेऊन राजाला नवल वाटलं, की चेहरे वेगवेगळे असूनही वजन सगळ्यांचं सारखं आहे. त्यावरून त्यानं रोमनांच्या सचोटीची पारख केली. रोमला सांगायचं होतं की हा चेहरा पाहा. राजानं चेहरे बाजूला ठेवले आणि तराजू पाहिला. मला ती गोष्ट फार आवडते. गुजरीतले सराफ त्या राजाला सहज ओळखतील.

सोन्यावरच्या चेहऱ्याशी झगडणं रोममध्येही चाललं होतं. सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसनं इसवी सनपूर्व ४२ च्या सुमारास, सैन्याबरोबर पूर्वेत असताना, एक नाणं पाडलं. मागच्या बाजूला दोन खंजीर आणि त्यांच्या मधे मुक्त केलेल्या गुलामाची टोपी. खाली 'आयद मार', खुनाची तिथी, १५ मार्च. चेहरा नाण्यावर आणणाऱ्या माणसाला संपवल्याची ही घोषणा. आणि पुढच्या बाजूला कोण? खुद्द ब्रूटस. बारीक दाढी, बसके गाल, उजवीकडे वळलेला. मला या नाण्याचा राग येतो आणि कीवही येते. ज्या सवयीविरुद्ध खंजीर उपसला, ती दोन वर्षांत त्याच्याच हाताला लागली. या प्रकारची सोन्याची फक्त तीन नाणी आज ठाऊक आहेत. एक २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ४२ लाख डॉलरच्या आसपास गेलं. मग त्याची मालकीची कागदपत्रं खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं. दुसऱ्याला वरच्या कडेला भोक आहे. कुणीतरी ते गळ्यात घातलं असणार. ऑगस्टसच्या राज्यात ते नाणं अंगावर बाळगणारा माणूस रात्री वस्त्र बदलताना दाराला कडी लावत असेल, असं माझ्या मनात येतं.

सेप्टिमियस सेव्हेरसचं एक नाणं आहे, ते मला नीट पाहवत नाही. साधारण २०१ सालचं. पुढं सम्राट, मागं त्याचं कुटुंब. मधोमध त्याची राणी जुलिया डोम्ना, चेहरा थेट आपल्याकडे. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुलं, एकमेकांकडे तोंड केलेली, कॅराकाला आणि गेटा. भोवती अक्षरं, 'फेलिचितास सेक्युली', युगाचं सुख. कोरणाऱ्यानं राणीचे केस अगदी बारीक लाटांमध्ये कोरले आहेत आणि धाकट्याचा गाल गुबगुबीत ठेवला आहे. पुढं बाप गेला, दोघं भाऊ एकत्र गादीवर आले आणि २११ च्या डिसेंबरात थोरल्यानं धाकट्याला मारवलं. त्या काळचा इतिहासकार डिओ लिहितो, आईच्या कुशीत मारवलं. मग गेटाचं नाव शिलालेखांतून खरवडलं गेलं, चित्रांतून चेहरा पुसला गेला आणि त्याची नाणी आटवायला निघाली. सगळी कुठली हाती लागणार? ती दूरच्या छावण्यांत, कुणाच्या मडक्यात, जमिनीखाली गेलेली होती. म्हणून आजही संग्रहालयांत ती बाई दोन मुलांच्या मधे सुखरूप बसलेली दिसते.

जुलिया डोम्नाच्या माहेरचा, तिच्या बहिणीचा नातू पुढं सम्राट झाला. सीरियातल्या एमिसा गावच्या सूर्यदेवाचा पुजारी, वय चौदाच्या आसपास. देवाच्या नावावरून इतिहास त्याला एलागाबालस म्हणतो. त्याच्या ऑरियसवर चार घोड्यांचा रथ आहे, पण रथात माणूस नाही. तिथं एक शंकूच्या आकाराची शिळा आहे, तिच्यावर गरुड, आणि शिळेभोवती चार छत्र्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले, आनंदानं. जोतिबाची पालखी, तिच्याभोवतीच्या अबदागिऱ्या आणि गुलालाचा लोट एवढं सगळं त्या दोन सेंटिमीटरच्या चकतीत मला दिसलं. इतिहासकार हेरोडियन सांगतो की शिळा काळी होती आणि ती आकाशातून पडली असं लोक मानत. रथात कुणालाही बसायची परवानगी नसे. सम्राट स्वतः घोड्यांचे लगाम धरून रथापुढं उलटा चालायचा, देवाला पाठ होऊ नये म्हणून. वाटेवर सोन्याची भुकटी पसरलेली, आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना अंगरक्षक. रोमन लेखकांनी या पोराची यथेच्छ नालस्ती केली आहे आणि त्याच्या कारभाराची तरफदारी मीही करणार नाही. पण देवाकडे तोंड ठेवून उलटं चालणाऱ्या त्या पायांची चेष्टा मला करवत नाही. रोमच्या सोन्यावर एका अनघड शिळेला सम्राटांच्या वर जागा मिळाली ती त्याच्यामुळे. २२२ मध्ये त्याला मारून टायबर नदीत टाकलं आणि शिळा एमिसाला परत गेली.

सूर्य मात्र नाण्यांवर राहिला. ३१३ साली पाडलेलं कॉन्स्टंटाइनचं एक मोठं सुवर्णपदक पॅरिसमध्ये आहे, वजन सुमारे ४० ग्रॅम. त्यावर दोन चेहरे एकमेकांना खेटून, एकाच दिशेला पाहणारे. पुढचा सम्राटाचा, मागचा किरणांचा मुकुट घातलेल्या सूर्याचा. नाक तेच, हनुवटी तीच, जुळे भाऊ वाटावेत असे. हे त्या माणसाचं नाणं, ज्याची आदल्या वर्षीची लढाई ख्रिस्ताच्या चिन्हाखाली जिंकली गेली अशी कथा आहे. लोक याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. नवा देव घरात आला म्हणून जुन्याला एका रात्रीत देव्हाऱ्यातून खाली कोण उतरवतं? पुढं दहा-बारा वर्षांत सूर्य हळूहळू नाण्यांवरून मावळला. रोमनांची विजयादेवी तर आणखी दोनशे वर्षं टिकली. पंख तेच, फक्त हातात लांब क्रूस आला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनच्या काळी तिचा पुरुष देवदूत झाला आणि पंख तेवढे तसेच राहिले.

हे नंतरचं सोनं, सॉलिडस, साडेचार ग्रॅमचं, तेही दक्षिणेत आलं. कर्नाटकात अक्की आलूरला त्याचा साठा सापडला. दक्षिणेत मिळालेल्या अशा कितीतरी नाण्यांवर घाव नाही. भोकं आहेत. दोन, शेजारीशेजारी, सम्राटाच्या डोक्याच्या बरोबर वर, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहील, तिरपा होणार नाही. भोक पाडणाऱ्यानं आधी नाणं हातात फिरवलं असेल, वर कुठलं आणि खाली कुठलं ते ठरवलं असेल. चारशे-पाचशे वर्षांत एवढा फरक. आधी त्याच दक्षिणेत डोकं पाहून छिन्नी चालवली, नंतर डोकं पाहून दोरा ओवला. दोन्ही वेळा चेहऱ्याकडे कुणीतरी नीट पाहिलं होतं.

आपल्याकडे जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३ हजारांहून जास्त नाणी. रोमन वळणाचा तो चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं ठोकून घेतली. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर. हरलेल्या राजाचा चेहरा खालून डोकावतो आहे आणि वरून विजेत्याची मोहोर बसली आहे. आणि तेरला तर सम्राटांच्या नाण्यांवरून काढलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, ओवायला वर गाठ ठेवलेल्या. सोनं नाही, कथील नाही, भाजलेली माती. ज्याला ऑरियस परवडत नव्हता त्यानं तेवढा चेहरा घेतला. सिंहलद्वीपच्या राजाच्या बरोबर उलट. माझ्या आजीच्या आजीला पुतळीऐवजी लाखेवरचा पत्रा घालावा लागला होता म्हणतात. तेरच्या त्या चकत्या पाहताना मला आधी आठवते ती तिच्या गळ्याची हौस.

घाव आणि चेहरा यांची सगळ्यांत विलक्षण गाठ पडली ती दुसऱ्या जस्टिनियनच्या नाण्यावर. सातव्या शतकाच्या शेवटी कॉन्स्टँटिनोपलच्या या सम्राटानं पुढची बाजू सोडली आणि तिथं ख्रिस्ताला बसवलं, 'राज्य करणाऱ्यांचा राजा' म्हणून. स्वतः मागं गेला, क्रूस धरून उभा, 'ख्रिस्ताचा सेवक'. सीझरपासून सातशेहून जास्त वर्षं लोटली होती. ६९५ मध्ये बंडखोरांनी त्याला पदच्युत केलं आणि त्याचं नाक कापलं, कारण छिन्न चेहऱ्याचा माणूस गादीवर बसू शकत नाही असा तिथला संकेत होता. काळ्या समुद्राच्या काठी हद्दपारीत दहा वर्षं काढून तो परत आला आणि ७०५ मध्ये गादीवर बसला. दुसऱ्या कारकिर्दीतल्या नाण्यांवर त्याचं नाक शाबूत आहे. ख्रिस्ताचा चेहरा मात्र बदलला आहे. आधी लांब केस आणि भरघोस दाढी, आता आखूड कुरळे केस. हा बदल का केला ते त्यालाच माहीत. त्याच सुमारास दमास्कसमध्ये खलिफा अब्द अल-मलिकनं सोन्याच्या दिनारावरून चेहराच काढून टाकला आणि दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं ठेवली.

गुडघे टेकलेला राज्यकर्ता आणि उभा संत ही मांडणी पुढं व्हेनिसच्या सोन्यावर आली. १२८४ पासून पाडलेल्या त्यांच्या डुकाटवर संत मार्क उभे आहेत आणि व्हेनिसचा प्रमुख, डोज, त्यांच्याकडून निशाण घेतो आहे. मागं ताऱ्यांच्या वलयात ख्रिस्त. पाचशे वर्षं तेच रूप, तेच साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. हे नाणं अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं, पेशव्यांच्या हिशेबांत शिरलं, त्याच्यावरून आपल्या सोनारांनी ठसे काढले, अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या आणि माळ झाली. आईनं कपाळाला लावलेली आकृती ती ही. तिला जे लागलं ते संत मार्कला लागलं, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिच्या लेखी ती लक्ष्मी आहे, आणि दोन हजार वर्षांत या सोन्यावर इतके देव येऊन गेले आहेत की तिचा हक्क मला कुणापेक्षा कमी वाटत नाही.

डोक्यात अजून घोळतात ती पुदुकोट्टईची सुटलेली नाणी. पाचशे एकमधली थोडी घावाविना राहिली. का राहिली असतील? काम अर्ध्यावर सोडून मडकं घाईनं पुरावं लागलं, की त्या तेवढ्या नाण्यांची कुणाला गरज होती? लिलावात चिरलेल्या नाण्याला अखंड नाण्यापेक्षा कमी भाव येतो. माझ्या हातात असतं तर मी टायबेरियसची दोन नाणी, एक चिरलेलं आणि एक सुटलेलं, एकाच काचेखाली शेजारीशेजारी मांडली असती आणि चिठ्ठीवर रोमच्या टांकसाळीइतकीच जागा त्या छिन्नीला दिली असती.